‘हे त्यांना सांगू नका हं, ताई’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं, त्यात म्हटलं होतं की दुभाष्याचं काम म्हणजे काय तर इकडचं तिकडे सांगायचं, त्यात कसली आलीय नैतिकता, आणि थोड्या दिवसांनी मोबाईलच ते करणार आहे. वाचून आधी हसू आलं, मग जरा राग आला, मग वाटलं लिहूनच टाकावं. कारण गेली बारा-तेरा वर्षं मी हेच काम करतेय, हॉस्पिटलात, पोलिसांकडे, कोर्टात, सरकारी ऑफिसात, म्हणजे जिथे माणसाचं काम तर अडलेलं असतं आणि तिथली भाषा त्याला येत नसते अशा सगळ्या ठिकाणी. बाकी मराठीत ‘इकडचं तिकडे सांगणं’ याला चहाडी म्हणतात, हे त्या वाचकांच्या लक्षात आलं नसावं, पण नकळत त्यांनी आमच्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलंय. (मोबाईलवर टाईप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आणि खाली जे प्रसंग सांगतेय त्यातले ओळख पटेल असे तपशील बदललेत, नाहीतर गुप्ततेबद्दल पत्र लिहायचं आणि त्यातच गुप्तता मोडायची असं व्हायचं.)

ब्लडप्रेशरच्या एक पेशंट होत्या, वय साठीच्या आसपास. तपासणी चालू असताना डॉक्टर रिपोर्ट आणायला बाहेर गेले, दोन मिनिटांचं काम. दार लागलं तशी बाईंनी खुर्ची माझ्याकडे ओढली आणि हळूच म्हणाल्या, “ताई, खरं सांगू का, गोळ्या मी दोन महिने झाले घेतच नाहीये, घेतल्या की गरगरतं. पण हे त्यांना सांगू नका हं, ओरडतील.” मी काही बोलायच्या आत डॉक्टर आत आले, रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, प्रेशर अजून वरच आहे, या डोसने भागत नाहीये, वाढवूया. आणि माझ्याकडे बघायला लागले, सांगा त्यांना म्हणून.

आता सांगा काय करायचं. नियम म्हणतो की तपासणीत जे बोललं जातं ते सगळं सांगायचं, कमी नाही जास्त नाही. पण हे तपासणीत बोललंच गेलं नव्हतं, ते मला एकटीला सांगितलं होतं, ‘ताई’ म्हणून सांगितलं होतं. दुसरा नियम म्हणतो की विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढायचं नाही. आणि तिकडे डबल डोस लिहिला जातोय, आणि बाईंनी घाबरून उद्यापासून एकदम तो चालू केला तर काय होईल ते सांगायला मी काही डॉक्टर नाही, पण चांगलं नाही होणार एवढं मलाही कळतं. म्हणजे गप्प बसले तर नियम पाळला आणि बाईंचं काय ते देव जाणे, बोलले तर बाईंचा विश्वास गेला.

मी काय केलं ते सांगते, बरोबर केलं असं नाही म्हणत. मी म्हटलं, “डॉक्टर, दुभाषी म्हणून एक सुचवायचंय. गोळ्या घरी नेमक्या कशा घेतल्या जातात ते एकदा पेशंटला विचाराल का?” आणि लगेच वळून बाईंना मराठीत सांगितलं की मी आत्ता डॉक्टरांना असं असं म्हटलंय. बाईंनी माझ्याकडे जे बघितलं ना, ते अजून आठवतं. डॉक्टरांनी विचारलं, बाईंनी सांगितलं, डॉक्टर काही ओरडले वगैरे नाहीत, गोळी बदलून दिली. सगळं छान झालं म्हणाल. पण त्यानंतर तासभर बाई मला ‘ताई’ म्हणाल्या नाहीत, ‘मॅडम’ म्हणत होत्या. आणि त्यांचं चूक नव्हतं, मी त्यांचं गुपित शब्दाने सांगितलं नसलं तरी त्याच्याकडे बोट दाखवलंच होतं की.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतलीय, डॉक्टर खोलीतून बाहेर पडले की मीही पडते. कॉरिडॉरमध्ये पर्स घेऊन उभी राहते. बऱ्याच ठिकाणच्या आमच्या नियमात हे लिहिलेलंच असतं की पेशंटबरोबर एकटं थांबू नका, मला आधी तो नियम माणूसघाणा वाटायचा, आता कळतं तो कुणीतरी पोळल्यावरच लिहिला असणार. पण बाहेर उभं राहायचं म्हणजे काय होतं तेही बघा, त्या परक्या इमारतीत आपली भाषा बोलणारं एकच माणूस, आणि तेसुद्धा उठून निघून जातं. पेशंटला वाटतं शिष्ट आहे. वाटणारच.

आणि हे ‘ताई’ प्रकरण वाटतं तेवढं साधं नाही. समोरच्याने ताई, अहो बाई, बेटा काहीही म्हटलं की नातं जोडलं जातं, आणि नातं जोडलं की बाजू आली. एकदा एक ऑफिसर मला म्हणाला, त्या सारख्या तुम्हाला काहीतरी म्हणतायत ते तुम्ही सांगत नाही आहात. मी म्हटलं ते ‘ताई’ आहे, म्हणजे मोठी बहीण. तो चपापला, म्हणाला तुम्ही नातेवाईक आहात? फॉर्मवर तर नाही लिहिलंय. आता हे त्याला समजावण्यात पाच मिनिटं गेली, आणि त्या पाच मिनिटांत माझ्यावरचा संशय काही पूर्ण गेला नाही.

आता ‘हो’ची गोष्ट. मराठी माणूस फोनवर बोलताना ऐका, समोरचा बोलत असतो आणि हा ‘हो... हो... हो’ करत असतो, त्याचा अर्थ मान्य आहे असा नसतो, ऐकतोय, पुढे बोला, एवढाच असतो. पोलिसांच्या चौकशीत एक तरुण मुलगा होता, घाबरलेला. अधिकारी एकेक वाक्य बोलायचा, मी सांगायचे, मुलगा म्हणायचा ‘हो’. तू त्या रात्री तिथे होतास. हो. किल्ली तुझ्याकडे होती. हो. दार तू उघडलंस. हो. शब्दाला शब्द लावला तर तो कबुलीजबाब झाला आणि मी एक अक्षर चुकले नाही असं कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगता आलं असतं. मी थांबवलं. म्हटलं, दुभाषी म्हणून सांगते, आमच्याकडे ‘हो’चा अर्थ ‘ऐकतोय’ असाही होतो, हा कुठला ‘हो’ आहे ते कृपया त्यालाच विचारा. अधिकारी वैतागला, म्हणाला तुम्ही दुभाषी आहात की वकील. विचारलं मात्र. मुलगा म्हणाला, “हो म्हणजे, तुम्ही काय म्हणताय ते कळलं. दार मी नाही उघडलं.”

इथे गोष्ट संपवली तर मी हिरॉईन होते. पण घरी येताना डोक्यात किडा वळवळत होता की तो खरंच कबूल करत असेल आणि मीच त्याला पळवाट दाखवली असेल तर? मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांना तो ‘ऐकतोय’वाला ‘हो’ दिसला, पण डोळ्यांना दिसणं म्हणजे पुरावा नव्हे. एक मात्र आहे, कुठला अर्थ खरा ते मी ठरवलं नाही, दोन अर्थ आहेत एवढंच टेबलावर ठेवलं. हा प्रकार काही आपल्याच भाषेत होतो असं नाही, ऑस्ट्रेलियात डायना इड्स नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या आदिवासी लोकांच्या कोर्टातल्या जबान्यांवर वर्षानुवर्षं काम केलंय आणि दाखवलंय की अधिकारी माणसासमोर नुसतं हो ला हो म्हणण्याची पद्धत कशी माणसाला अडकवते. आणि तिथे तर बरेचदा मधे दुसरी भाषाही नव्हती, सगळं इंग्रजीतच.

कोणी म्हणेल की एवढं काय, दोन्ही भाषा येणारं घरचंच कोणी नेलं की झालं. हे मला सगळ्यात जास्त ऐकायला लागतं, आणि याच्यावर मात्र माझं मत अजिबात डळमळीत नाही. 1980 साली अमेरिकेत फ्लोरिडात 18 वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत हॉस्पिटलात आणलं, घरच्यांनी स्पॅनिशमध्ये ‘इन्टॉक्सिकादो’ असा शब्द वापरला, त्यांच्या मनात होतं की खाण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांनी इंग्रजी ‘इन्टॉक्सिकेटेड’ ऐकलं आणि ड्रग्जचा ओव्हरडोस धरून चालले. होता मेंदूतला रक्तस्राव. तो मुलगा हातापायाने कायमचा लुळा झाला आणि भरपाईचा आकडा 7 कोटी 10 लाख डॉलरच्या घरात गेला. यातली खरी भीतीदायक गोष्ट चुकलेला शब्द नाही, तर कुणालाच दुभाषी बोलवावा असं वाटलं नाही ही आहे, कारण दोन्हीकडच्यांना वाटत होतं की आपलं बोलणं नीट चाललंय.

आणि 2003 साली ‘पीडियाट्रिक्स’ या जर्नलमध्ये आलेला एक अभ्यास आहे, त्यात मुलांच्या दवाखान्यातल्या 13 भेटींचं रेकॉर्डिंग तपासलं होतं. दुभाषाच्या चुका निघाल्या 396, म्हणजे एका भेटीत सरासरी 31, त्यातल्या निम्म्याहून जास्त चुका म्हणजे सांगायचंच राहून गेलेलं. 63 टक्के चुका अशा की त्याने उपचारावर परिणाम होऊ शकला असता. कानाच्या इन्फेक्शनला पोटात घ्यायचं अँटिबायोटिक आईला चक्क मुलाच्या दोन्ही कानांत घालायला सांगितलं गेलं. आणि यातल्या काही भेटींत दुभाषी होते नर्स, सोशल वर्कर, एका ठिकाणी तर पेशंटचंच 11 वर्षांचं भावंड. प्रोफेशनल लोकांच्याही चुका झाल्या, ते लपवत नाही, फक्त त्यातल्या धोकादायक चुकांचं प्रमाण 53 टक्के होतं आणि ऐनवेळी दुभाषी म्हणून उभ्या केलेल्या लोकांचं 77.

पण त्या यादीतली एक चूक मला झोपू देत नाही. एका दुभाषाने आईला सांगितलं की खासगी प्रश्नांची उत्तरं देऊ नका. आता हा काही भाषेचा घोळ नाहीये, त्या माणसाने ठरवून केलंय. आणि मी त्याला शिव्या घालू शकत नाही, कारण बहुतेक त्याला वाटलं असणार की आपण या बाईला वाचवतोय. आमच्या कामातल्या सगळ्यात वाईट गोष्टी चांगल्या मनानेच होतात. मुलगा वडिलांना कॅन्सर हा शब्दच सांगत नाही, कारण प्रेम आहे. नवरा बायकोच्या वतीने ‘पडली जिन्यावरून’ असं सांगतो, तिथे प्रेम नसतं, पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, घरचंच माणूस बोलतंय, किती काळजी करतोय बघा. आणि शाळकरी मुलगी आईच्या पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टरांचं बोलणं आईला सांगतेय हे मी एकदा शेजारच्या टेबलावर बघितलंय, ती मधेच थांबली आणि डॉक्टरांना म्हणाली की हा शब्द मला आमच्या भाषेत येत नाही. मला खात्री आहे की येत होता.

कॅन्सरवरून आठवलं. मुलांनी दारातच गाठून सांगणं, ‘बाबांना तेवढं सांगू नका’, हे तर नेहमीचंच आहे. पूर्वी मी नुसती मान हलवायचे, आत जाऊन डॉक्टर बोलले की सांगायचे, आणि बाहेर आल्यावर मुलांचे चेहरे सहन करायचे. आता दारातच सांगते की दादा, हे तुम्ही मला न सांगता डॉक्टरांना सांगा, चला आत, तुमचंच म्हणणं मी डॉक्टरांना सांगते. कारण पेशंटला किती आणि कसं सांगायचं हा प्रश्न डॉक्टर, पेशंट आणि घरचे यांचा आहे, त्यात माझं मत कुणी विचारलेलं नाही आणि विचारू पण नये. मी फक्त कुठला शब्द मराठीत कसा ऐकू येईल हे सांगू शकते. गाठ म्हणावं की ट्यूमर म्हणावं की तो दुसरा शब्द, हे डॉक्टरांनी निवडायचं, मी गुपचूप ‘गाठ’ निवडून मोकळी झाले तर तो निर्णय माझा झाला आणि कुणाला कळलंसुद्धा नाही.

या कळलंसुद्धा नाहीवरच माझा सगळा आक्षेप आहे. आमच्या आचारसंहितांत तीन गोष्टी सगळीकडे सारख्या, नेमकेपणा, निःपक्षपातीपणा, गुप्तता. पण पुढे गेलं की गंमत. अमेरिकेत आरोग्यसेवेतल्या दुभाषांसाठी 2004 साली जी संहिता आली ती म्हणते की पेशंटचं आरोग्य, भलं किंवा प्रतिष्ठा धोक्यात असेल तर दुभाषाने त्याच्या बाजूने बोलणं योग्य ठरू शकतं. ऑस्ट्रेलियातल्या संघटनेची 2012 ची संहिता म्हणते की काम चालू असताना दुभाषाने कुणाची बाजू मांडणं, सल्ला देणं असलं काही करायचं नाही. काम तेच, खुर्ची तीच, आणि पुस्तकं दोन. मी दोन्ही वाचलीत आणि माझं प्रामाणिक मत असं झालंय की बाजू घ्यायची की नाही यावर भांडण्यापेक्षा एक गोष्ट आधी पक्की करावी, दुभाषी जे काही स्वतःहून करेल ते दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं करेल. कुणी शिवी दिली तर शिवी सांगेन, पेशंटसमोर दोन डॉक्टर आपसात कुजबुजले तर तेही सांगेन (आणि आधीच सांगून ठेवेन की सांगणार आहे, मग कुजबुज आपोआप बंद होते), आणि मधे थांबवलं तर का थांबवलं ते दोन्ही भाषांत सांगेन.

ऑफिसरांची पण एक खोड आहे. मुलाखत संपली, समोरचा माणूस बाहेर गेला की हळूच विचारतात, तुम्हाला काय वाटतं, खरं बोलतोय का, उच्चारावरून तो म्हणतो त्याच भागातला वाटतो का. चहाच्या टेबलावर विचारल्यासारखं विचारतात. आणि खरं सांगते, माझं काहीतरी मत असतंच, कधीकधी तर चांगलं पक्कं असतं. पण ते दिलं की मी साक्षीदार झाले, आणि ज्याच्याबद्दल दिलं त्याला ते माहीतही नाही, खोडून काढायची सोय तर नाहीच. मी म्हणते माफ करा, त्यांना परत आत बोलवा आणि त्यांच्यासमोर विचारा, मग मी तुमचा प्रश्न त्यांनाही सांगते. आजवर कुणी बोलवलेलं नाही.

फॉर्मबद्दल एकदाच सांगते आणि पुढे जाते, कारण त्याच्यावर बोलत बसले तर पत्र संपणार नाही. ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म माझ्या हातात देऊन ‘तुम्हीच समजावून सही घ्या’ म्हणून निघून जाणं, हे दर महिन्याला होतं. वाचून दाखवणं माझं काम आहे, समजावणं नाही. पेशंटने विचारलं ‘भूल उतरली नाही तर?’ तर मी काय सांगू?

गुप्ततेचा प्रश्न मात्र मला खरंच सुटलेला नाही. 12 मे 2008 ला अमेरिकेत आयोवा राज्यात पोस्टव्हिल नावाच्या गावी मांस पॅक करणाऱ्या एका कारखान्यावर धाड पडली, 389 कामगार पकडले, बहुतेक ग्वाटेमालाचे. त्यातल्या बऱ्याच जणांची मूळ भाषा स्पॅनिशही नव्हती, माया भाषा होत्या. जनावरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर तात्पुरतं कोर्ट उभं केलं आणि 26 दुभाषी बाहेरून आणले. कामगारांपुढे पर्याय असा, खोटा सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरीसाठी लागणारा सरकारी ओळख क्रमांक) वापरल्याचा गुन्हा कबूल करा आणि पाच महिने आत जा, नाहीतर ओळख चोरल्याचा मोठा खटला, त्यात किमान दोन वर्षं. त्या दुभाषांपैकी एरिक कामाइद-फ्रेशास हे प्राध्यापक होते. त्यांच्या लक्षात येत गेलं की या लोकांना आपण नेमकं काय कबूल करतोय तेच कळत नाहीये, घरी पोरंबाळं उपाशी आहेत म्हणून जे लवकर सुटायला लावेल त्यावर सह्या करतायत. ते काम सोडून गेले नाहीत, सगळं शेवटपर्यंत नेमकं सांगत राहिले. आणि प्रकरणं मिटल्यावर त्यांनी सगळं लिहून काढलं, जाहीर केलं आणि जुलैमध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्षही दिली. पुढच्या वर्षी, मे 2009 मध्ये, दुसऱ्याच एका खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तो नंबर दुसऱ्या खऱ्या माणसाचा आहे हे आरोपीला माहीत असल्याशिवाय ते मोठं कलम लागत नाही. म्हणजे ज्याची भीती घालून सह्या घेतल्या त्याचा पायाच कच्चा होता.

आमच्यातले काही म्हणतात त्यांनी गुप्ततेची वाट लावली, काही म्हणतात खरा दुभाषी तोच. मी त्यांच्या जागी असते तर? माझ्यात तेवढी हिंमत नव्हती असंच वाटतं. पण एक मला पटतं, त्यांनी काम चालू असताना कुणाच्या कानात काही सांगितलं नाही, ‘सही करू नकोस’ असं स्पॅनिशमध्ये मधेच घुसडलं नाही. जे केलं ते नंतर, स्वतःच्या नावाने, उघड. कुणाचं नाव फोडलं नाही. आणि मधल्या त्या दिवसांत, रोज तेच तेच सांगताना, त्यांचं काय होत असेल?

कारण आम्ही ‘मी’ म्हणून बोलतो ना. ‘ती म्हणतेय की तिला मारलं’ असं नाही, ‘मला मारलं’ असं. नियम चांगला आहे, त्याने गोंधळ होत नाही, पण दिवसभर तोंडाने ‘माझ्या मुलाला माझ्यासमोर नेलं’ म्हणत राहिलं की ते तोंडातच राहत नाही. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या 1996 पासून झाल्या, तेव्हा 11 अधिकृत भाषा असलेला देश, तिथे दुभाषांनी अत्याचार झालेल्यांचं आणि अत्याचार करणाऱ्यांचंही सगळं ‘मी’ म्हणूनच सांगितलं. एकाच तोंडाने. त्यातल्या कित्येकांना नंतर फार त्रास झाला. आमच्याकडे तर असं बोलायलाही कोणी नसतं, गुप्तता आहे म्हणून घरी सांगता येत नाही, आणि ऑफिसला वाटतं की हिने काय केलं, नुसतं इकडचं तिकडे तर सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल बाई मागतेय काय. फार नाही. 1966 च्या नागरी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलेलं आहे की आरोपीला कोर्टाची भाषा येत नसेल तर दुभाषी फुकट मिळाला पाहिजे, युरोपात 2010 मध्ये त्यासाठी वेगळा निर्देश निघाला, म्हणजे दुभाषी मिळण्याचा हक्क कागदावर तरी आलाय. पण दुभाषी मिळाल्यावर त्याला मधे थांबवायची मुभा असली पाहिजे हे कुठल्या डॉक्टरला, कुठल्या अधिकाऱ्याला शिकवलेलं मी बघितलेलं नाही. मी हात वर केला की त्यांना वाटतं ही आगाऊपणा करतेय. कामाच्या आधी पाच मिनिटं मला दिली, नाजूक काय आहे ते सांगितलं, मी थांबवेन तेव्हा रागावू नका एवढं ठरलं, तर वरच्या निम्म्या प्रसंगांत मला रात्री जागावं लागलं नसतं. फोनवरच्या कामात तर ही पाच मिनिटं अजूनच लागतात, कारण तिथे मला चेहरा दिसत नाही, ‘हो’ कुठला आहे ते तर मुळीच कळत नाही. मोबाईलवरच्या अ‍ॅपबद्दल त्या वाचकांना सांगा, बस कधी सुटते ते विचारायला मीही तेच वापरते. चौकशीला बसाल तेव्हा ते वापरू नका.

जाता जाता. त्या ब्लडप्रेशरवाल्या बाई साताठ महिन्यांनी परत आल्या, काम नेमकं माझ्याकडेच आलं. मला वाटलं दुसऱ्या दुभाषाची मागणी करतील, तसा त्यांना हक्क असतो, पण नाही केली. तपासणी चालू असताना डॉक्टरांना कुणीतरी बाहेर बोलावलं, मी सवयीने पर्स उचलली आणि उठले. बाई म्हणाल्या, “जा जा मॅडम, तुम्ही बाहेर थांबा, मी काही बोलत नाही.” आणि हसल्या. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले.

आपली,
एक दुभाषी
(नाव छापू नये ही विनंती)